हुडकेश्वरचे मुके यंत्र

आमच्या हुडकेश्वरच्या गृहनिर्माण संस्थेत मे महिन्यात माणसे एकमेकांच्या तोंडाकडे पाहत नाहीत, एकमेकांच्या कूलरकडे पाहतात. कूलरची खसाची, म्हणजे वाळ्याची, ताटी ओली दिसली की त्या घरात पाणी आले असे समजावे. कोरडी दिसली की ते घर आपल्याच ओळीतले. संस्थेत घरांच्या दोन ओळी आहेत, पूर्वेची आणि पश्चिमेची. मध्ये एक सामाईक टाकी, टाकीखाली पंपाची खोली, आणि त्या खोलीची किल्ली अध्यक्ष आनंदरावांच्या करदोट्याला. आनंदराव पूर्वेच्या ओळीत राहतात. मी पश्चिमेच्या. आमच्या वसाहतीचा सारा इतिहास एवढ्यात सांगून होतो.

आनंदरावांचे म्हणणे असे की पाणी स्वभावतःच उताराकडे जाते आणि उतार पूर्वेला आहे. मी महाविद्यालयात पदार्थविज्ञानाचा डेमॉन्स्ट्रेटर. तेव्हा एका सकाळी पाणी भरलेली पारदर्शक नळी घेऊन मी उतार मोजला. तो पश्चिमेला निघाला.

"मंग पाणी तुमच्याकडे येऊन काहून नाही राहिलं, केशवराव?" आनंदरावांनी अत्यंत निर्मळ कुतूहलाने विचारले.

माझी पत्नी सुमती पहाटे उठून पूर्वेच्या ओळीमागच्या विहिरीवरून पाणी आणत असे. तिचे मनगट सुजले होते. त्याबद्दल ती अवाक्षर काढीत नसे; फक्त चहाचा कप माझ्यापुढे डाव्या हाताने ठेवीत असे. नव्या कवितेतील अशा मौनाला मी तारुण्यात फार दाद दिलेली आहे. घरात, समोरासमोर, ते मौन पचवणे निराळे.

म्हणून मी यंत्र करावयाचे ठरवले. अठ्ठ्याऐंशीच्या सुमाराची ही गोष्ट. मायक्रोकंट्रोलर नावाची, झुरळाच्या आकाराची, पायही साधारण तसेच असणारी काळी चकती तेव्हा सीताबर्डीवरच्या एका दुकानात मागितली की मिळत असे. ती तांब्याच्या बोर्डावर बसवायची, तिला विचार करायला शिकवायचे, आणि मग ती टाकीतली पातळी पाहून पंप चालू करील, दोन्ही ओळींच्या झडपा पाळीपाळीने उघडील आणि कोणाचीही भीड बाळगणार नाही. भीड नसलेले कोणीतरी वसाहतीत असावे, एवढीच माझी आकांक्षा होती.

संस्थेच्या सभेत आनंदरावांनी अट घातली. वार्षिक सभेपर्यंत यंत्र चालले तर ते किल्ली सोडतील; न चालले तर किल्ली कायमची त्यांच्याकडे, आणि पश्चिमेच्या ओळीने पाण्याचा विषय पुन्हा काढायचा नाही. पुरुष मंडळी छताकडे पाहू लागली. तेव्हा सुमती उठली. सभेत ती यापूर्वी कधीच बोलली नव्हती. "चालंल," ती म्हणाली. "माह्या जबाबदारीवर." पश्चिमेच्या ओळीतल्या सगळ्या बायकांनी तिच्याकडे पाहून हात वर केले. माझ्याकडे पाहून एकीनेही केला नाही, हे मी टिपले.

बोर्ड मी घरीच तयार केला. आंबे ठेवण्याच्या प्लास्टिकच्या टबात फेरिक क्लोराइडचे द्रावण करून त्यात नको असलेले तांबे विरघळवले. न्हाणीघराची फरशी तपकिरी झाली ती आजही तपकिरी आहे. अक्षरे मात्र मी देवनागरीच ठेवली. माझ्या हातच्या पहिल्या निर्मितीवर रोमन अक्षरे कोरणे ही मला शरणागती वाटली. ज्या तीन पिनांमधून बोर्ड बाहेरच्या संगणकाशी संभाषण करणार, त्यांतल्या बोलण्याच्या पिनेपाशी मी 'वाचा' असे कोरले. 'बोल' लिहिता आले असते. परंतु बोल तबल्याचे असतात आणि लोकांनी लावायचेही असतात. वाचा! मुक्या द्रव्याला फुटलेली पहिली वाणी! जमिनीच्या पिनेला 'भूमी' म्हटले. ऐकण्याच्या पिनेसाठी 'श्रुती' हा शब्द योजला होता, पण तांब्यावर जागा उरली नाही. ती पिन अनाम राहिली. अनामिकतेला नव्या कवितेत जे स्थान आहे ते लक्षात घेता, मला त्यात काही वावगे वाटले नाही.

मध्येच वीज कार्यालयाची परवानगी लागली, कारण पंपाच्या स्टार्टरला काहीही जोडायचे तर त्यांची संमती हवी.

"हे जोडून काय करते?" खिडकीमागच्या बाबूने विचारले.

"विचार करते," मी म्हणालो.

त्यांनी फॉर्म उलटसुलट करून पाहिला. मग सांगितले की त्यांच्याकडे घरगुती, शेती आणि लघुउद्योग एवढेच प्रकार आहेत, आणि विचार यांतल्या कशातही बसत नाही. शेवटी आमचे भले व्हावे या शुद्ध हेतूने त्यांनी परवानगी दिली ती पिठाच्या गिरणीची. ही वार्ता माझ्याआधी वसाहतीत पोहोचली. शेजारच्या यमुताई संध्याकाळी सुमतीला म्हणाल्या, "गिरणी टाकून राहिले म्हणे तुमचे हे? मंग आमचे गहू बारीक दळा बाई, मागच्या गिरणीवाल्यानं रवाच करून देल्ला होता." मी खुलासा केला. खुलाशाने यमुताई सावध झाल्या. साधी गिरणी असती तर हा माणूस इतके समजावून कशाला सांगत बसला असता, असे त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होते.

आता बोर्डाच्या मनात काय चालले आहे हे बाहेरून पाहण्यासाठी डीबगर नावाचा एक प्रोग्रॅम असतो. तो संगणकात बसतो, तारेतून बोर्डाला प्रश्न विचारतो आणि त्याच्या चुका कबूल करवून घेतो. थोडक्यात, पोलीस चौकीवरचा हवालदार. संगणक माझ्याकडे नव्हता. सुमतीचा धाकटा भाऊ कृष्णकांत बर्डीवर संगणकाचा क्लास चालवी. तो आपला संगणक दोन गोधड्यांत गुंडाळून, सायकलरिक्षात नववधूसारखा मांडीशी धरून हुडकेश्वरला घेऊन आला, आणि आल्या आल्या त्याने घरातला एकमेव कूलर संगणकाकडे वळवला.

"भाऊजी, याले गरमी सहन होत नाही."

"आणि आम्हांला?"

"तुम्हाले सवय हाय."

बोर्ड ते संगणक ही तार बनवून दिली गिरिधररावांनी. ते आमच्याच महाविद्यालयात गणित शिकवतात, परंतु सोल्डरिंगचे त्यांना व्यसन आहे. राहतात मात्र पूर्वेच्या ओळीत. भर दुपारच्या उन्हात डोक्याला दुपट्टा बांधून ते आले, बोर्डावरची अक्षरे चष्मा कपाळावर चढवून निरखली, तारेची टोके स्क्रूखाली घट्ट आवळली, आणि चहा न घेता गेले. मे महिन्याच्या दुपारी उन्हात येणे मी समजू शकतो. चहा न घेणे मला खटकले.

कृष्णकांतने डीबगर सुरू केला. पडद्यावर हिरव्या अक्षरांत उमटले: टार्गेट नॉट रिस्पॉन्डिंग.

पुन्हा केले. पुन्हा तेच.

"जवाब देऊन नाही राहिलं," कृष्णकांत म्हणाला.

पुढचे दिवस मी संशयात घालवले. संशयाला एक शिस्त असते. ती मी पाळली. प्रथम चकतीचा संशय घेतला. तिच्यावरची अक्षरे भिंगाखाली पाहिली. ती मला घासून पुन्हा छापल्यासारखी भासली. दुकानदाराने ती देताना अकारण स्मित केले होते, हेही आठवले. दुसरी चकती आणली. तीही मुकी. मग विजेचा दाब मोजला. तो योग्य होता, आणि हुडकेश्वरला विजेचा दाब योग्य असणे हे स्वतःच संशयास्पद होते. मग चकतीला ताल देणाऱ्या स्फटिकाचे ठोके तपासले. ते पडत होते. बोर्डावरचा लाल दिवा लुकलुकत होता. म्हणजे प्राण होता, नाडी होती, पण संवाद नव्हता. माणसामाणसांतल्या तुटलेपणाविषयी मी आजवर किती ओळी पाठ केल्या होत्या! ते तुटलेपण असे तीन तारांचे होऊन माझ्याच टेबलावर पडेल, याची मात्र कोणत्याही कवीने पूर्वसूचना दिली नव्हती.

मला संगणकाचा संशय होता. कृष्णकांतला बोर्डाचा होता. मेहुणा असल्याने तो तसे बोलत नसे. मी भाऊजी असल्याने मीही बोलत नसे. आम्ही दोघे आमरस ओरपीत एकमेकांच्या यंत्रांकडे तिरक्या नजरेने पाहत असू.

"एखादवेळी हे भरभर बोलत असंल, आन् आपण हळूहळू ऐकून राहिलो," तो म्हणे. वेग बदलून पाहिला. सगळे वेग बदलून झाले.

"कूलरची मोटर त्रास देत असेल," मी म्हणालो, आणि कूलर बंद केला. कृष्णकांत हतबुद्ध होऊन संगणकाला पुठ्ठ्याने वारा घालू लागला.

मग सल्ले आले. आनंदराव स्वतः चौकशीला आले. विरोधकाने चौकशीला यावे यात एक प्रकारचे राजकीय सौंदर्य असते. "अर्थिंग कमजोर हाय तुमची," ते म्हणाले. "खड्ड्यात मीठ टाका आन् रोज सकाळी एक बादली पाणी ओता. मंग पाहा." मला ते पटले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी तशी बादली ओतली. मागे वळलो तर सुमती उभी होती. ती बादली तिने विहिरीवरून आणलेली होती.

"मातीले पाजलं?" ती म्हणाली.

"अर्थिंग—"

"मी पाणी आणून राहिली, आन् तुम्ही ते जमिनीत घालून राहिले. कोणी सांगतलं?"

मी नाव सांगितले. तिने रिकामी बादली उचलली. आनंदरावांनी विज्ञानाच्या मार्गाने माझ्या घरातले पाणी आणखी एका बादलीने कमी केले होते, हे मला तिच्या चेहऱ्यावरून समजले. पडद्यावरचे वाक्य तरीही बदलले नाही.

त्याच वाक्याने पुढचा अनर्थ केला. यमुताई पडद्यावरची हिरवी अक्षरे पाहायला आल्या आणि त्यांनी कृष्णकांतला अर्थ विचारला. त्या सरळ मनाच्या मुलाने सांगितला, "टार्गेट जवाब देऊन नाही राहिलं."

"कोन्तं टार्गेट?"

"हे टार्गेट," कृष्णकांतने बोर्डाकडे बोट केले. परंतु यमुताईंची पाठ तोवर वळली होती. त्यांनी थेट आनंदराव गाठले. आनंदराव आरोग्य खात्यातून निवृत्त झालेले. 'टार्गेट' या शब्दाचा त्यांना ठाऊक असलेला अर्थ एकच होता, नसबंदीचा कोटा, आणि तो पुरा करता करता एका काळी त्यांनी गावोगाव पुरुषांच्या मागे जीप पळवली होती. ते म्हणे एवढेच म्हणाले, "असं? परत सुरू झालं का?" आणि सुस्कारा सोडला.

तेवढा सुस्कारा पुरेसा होता. संध्याकाळपर्यंत पश्चिमेच्या ओळीतले पुरुष मला पाहून घराच्या आत जाऊ लागले. पाण्यातून औषध सोडणार आहेत. लाल दिवा प्रत्येक घरातली पोरे मोजतो. बायकोचा भाऊ सरकारी माणूस आहे. कोपऱ्यावरच्या घरातले रवींद्र, तिशीचे, धडधाकट, मला बाजूला घेऊन कापऱ्या आवाजात म्हणाले, "केशवभाऊ, मले दोनच हाय. ते बी जुळे. एकाच खेपेचे. तेवढं तुमच्या मशीनीले समजावून सांगा ना बाप्पा."

आयुष्यात इतका अपमान मला एम. ए.ला बहिःस्थ बसलो तेव्हाही वाटला नव्हता. मी घरात बसून राहिलो. सुमती मात्र पदर खोचून बाहेर पडली आणि एकेका घरी गेली. काय बोलली ते मला ठाऊक नाही. परत आल्यावर म्हणाली, "उद्या सभेले सगळ्या जणी येतात. पण माह्या तोंडाकडे पाहून येऊन राहिल्या. तुमचं ते बोललं नाही, तर या ओळीत मी कोणाच्या दारात उभी राहू?"

त्या रात्री मी गादीवर पडून सर्व पुराव्यांचा नव्याने विचार केला. चकती निर्दोष, वीज निर्दोष, संगणक कृष्णकांतच्या क्लासमध्ये व्यवस्थित चालत होता. उरली तार. तार कोणी केली? पूर्वेच्या ओळीतल्या माणसाने. यंत्र चालले तर कोणाचे पाणी कमी होणार? पूर्वेच्या ओळीचे. चहा कोणी नाकारला? माझ्या मनात सगळे जुळून आले, आणि इतके सुबक जुळून आलेले काहीही मी आजवर नाकारलेले नाही.

रविवारी, ऊन चढायच्या आत, वार्षिक सभा टाकीखाली भरली. पंपाच्या खोलीच्या दारात टेबल, टेबलावर बोर्ड आणि संगणक. खोलीची किल्ली आनंदरावांच्या बोटात फिरत होती. एका बाजूला पूर्वेची ओळ, दुसऱ्या बाजूला पश्चिमेची. पश्चिमेचे पुरुष बोर्डापासून सुरक्षित अंतरावर. कृष्णकांतने कळ दाबली. टार्गेट नॉट रिस्पॉन्डिंग.

"झालं?" आनंदराव म्हणाले. "मंग किल्ली माह्यापाशीच राहीन. लिहून घ्या."

सुमती खाली पाहत होती. मी उठलो.

"यंत्र मुके नाही," मी म्हणालो. "त्याचा गळा दाबला आहे! आणि दाबणारे येथेच, पूर्वेच्या ओळीत, दुसऱ्या खुर्चीवर बसलेले आहेत. गिरिधरराव, तार तुम्ही केली. खरे सांगा, तुम्हांला कोणी सांगितले होते?"

गिरिधरराव सावकाश उभे राहिले. त्यांचा चेहरा लाल झाला होता.

"मले कोण सांगंल? तुमच्या बोर्डानंच सांगतलं! जे लिहिलं होतं तसंच जोडून देल्लं मी!"

"काय लिहिले होते?"

"वाचा!"

"मग? वाचा म्हणजे वाणी!"

"वाणी?" गिरिधरराव ओरडले. "वाणी तं चौकात बसते किराणा घेऊन! तुम्ही लिहिलं 'वाचा'. मी समजलो, बोर्डानं इथून वाचायचं. वाचा! वाचन करा! म्हणून संगणकाची बोलायची तार तिथं लावली. जे बिननावाचं होतं तिथं ऐकायची लावली. काय चुकलं माहं?"

मी वाकून बोर्डावरची माझीच अक्षरे पुन्हा वाचली.

इतक्या दिवसांत मी दुकानदाराचा संशय घेतला, मेहुण्याचा घेतला, विजेचा, कूलरचा, अध्यक्षांचा आणि एका सज्जन गणितज्ञाचा घेतला. शब्दाचा मात्र घेतला नाही. माझ्या बोर्डाची वाचा गिरिधररावांनी आज्ञा म्हणून पाळली होती. परिणामी बोर्ड आणि संगणक एकाच तारेत एकमेकांवर ओरडत होते, आणि दुसऱ्या तारेच्या दोन्ही टोकांना दोघेही कान लावून बसले होते.

"म्हणजे दोघंबी बोलून राहिले आन् दोघंबी ऐकून राहिले," यमुताई म्हणाल्या, "पण ज्याच्यात बोलून राहिले त्याच्यात ऐकूनच नाही राहिले?"

"हो," मी म्हणालो.

"बाप्पा. हे तं आपल्या सभेसारखंच झालं."

पहिली हसली ती सुमती. तोंडाला पदर लावून, खाली वाकून, खांदे हलवीत हसली. मग पश्चिमेच्या बायका हसल्या. आणि मग, ओळीचे भान सुटून, पूर्वेच्याही. गिरिधरराव मात्र हसले नाहीत. ते टेबलापाशी आले, खिशातून पेचकस काढला, दोन स्क्रू सैल केले, तारांची टोके बदलली आणि पुन्हा आवळली. मी त्यांची क्षमा मागितली. "चहा घेतला नाही म्हणून मला संशय आला," मी प्रामाणिकपणे सांगितले.

"तुमच्या घरी पाणी नाही हे मले दिसत नाही का गा?" ते म्हणाले. "चहा कशाचा पिऊ?"

कृष्णकांतने कळ दाबली. पडद्यावर उमटले: टार्गेट कनेक्टेड.

रवींद्र दोन पावले मागे सरले.

त्यानंतर डीबगरने बोर्डाची झडती घेतली. दोन किरकोळ चुका निघाल्या, त्या तिथल्या तिथे दुरुस्त झाल्या. पंप घुमला. पश्चिमेची झडप खट्कन उघडली, बंद झाली. पूर्वेची उघडली, बंद झाली. कोणाचीही भीड नव्हती. मी आनंदरावांपुढे हात पसरला.

"थांबा," आनंदराव म्हणाले. "किल्ली द्यायची हे ठरलं होतं. तुम्हाले द्यायची हे ठरलं नव्हतं. हे मशीन बोलते कोणाशी? तुमच्या साळ्याच्या कॉम्प्युटरशी. ऐकते कोणाचं? तुमचं. म्हणजे पैले पाणी माह्या हाती होतं, आता तुमच्या हाती. आमच्या ओळीनं काहून भरोसा ठेवाचा?"

पूर्वेच्या ओळीने माना डोलावल्या. हे अपेक्षित होते. अपेक्षित नव्हते ते हे, की पश्चिमेच्या ओळीनेही डोलावल्या. भर सभेत एका सज्जनावर आळ घेणाऱ्या माणसाकडे किल्ली द्यावी की नाही, याविषयी दोन्ही ओळींचे संस्थेच्या स्थापनेपासून प्रथमच एकमत झाले होते.

"सुमतीपाशी द्या," यमुताई म्हणाल्या.

हात वर झाले. पूर्वेचे, पश्चिमेचे. आनंदरावांनी किल्ली करदोट्यात पुन्हा खोवण्याची एक सवयीची हालचाल केली, मग थांबून ती सुमतीच्या तळहातावर ठेवली. मीही हात वर केला. शेवटचा, हे कबूल केले पाहिजे.

पहिली पाळी कोणाची हे बोर्डावरची एक खुंटी ठरवत असे. बोर्ड खोलीत बसवून झाल्यावर सुमतीने आत जाऊन ती पूर्वेकडे फिरवली आणि बाहेर येऊन कुलूप लावले.

"पूर्वेकडे?" घरी येताना मी विचारले. "आपण एवढे—"

"नाही तं म्हणतील, नवऱ्याच्या मशीननं पैले नवऱ्याले पाणी देल्लं. तुमची मशीन कोणाची भीड ठेवत नाही ना? मंग मी काहून ठेवू?"

दुपारभर पूर्वेच्या ओळीतले कूलर घुमत राहिले. वाऱ्याच्या झुळकीबरोबर ओल्या खसाचा वास आमच्या कोरड्या खिडकीपर्यंत येई आणि परत जाई. पाळी बदलायला फार वेळ लागतो आहे असे मला वाटू लागले. खुंटी अडकली असावी. झडप चिकटली असावी. गिरिधररावांनी स्क्रू आवळताना काही केले असावे. खोली उघडून एकदा पाहून यावे, केवळ विज्ञानासाठी, असे मनात आले. मी आतल्या खोलीत गेलो.

सुमती चटईवर झोपली होती. दिवसाढवळ्या तिला झोपलेले मी त्या उन्हाळ्यात प्रथमच पाहत होतो. किल्ली तिच्या मुठीत होती.

इतक्यात बाहेर नळ खोकला. एकदा, दोनदा, मग पाणी. ओळीभर बादल्यांचा आवाज उठला. यमुताईंनी कुंपणावरून हाक मारली, "आलं वं सुमती, आलं!"

मी तिला उठवले नाही. बादल्या मीच भरल्या, घागर भरली, कूलर भरला, आणि ताटीवर पाणी शिंपडले. मग पुन्हा आत येऊन थोडा वेळ उभा राहिलो. तिच्या हातातून ती किल्ली अलगद काढून घ्यावी, असा एक मोह मला झाला. तो मी आवरला, असे म्हणता येणार नाही. मूठ फार घट्ट होती.